मावसभावाचा टेम्पो आणि ६४० लॅपटॉप

ताई, नमस्कार. मी हिंजवडीतल्या एका कंपनीत सिस्टिम अ‍ॅडमिन आहे, वय ३४. दोन विमा कंपन्यांच्या क्लेमची कागदपत्रं आमच्याकडे तपासली जातात. विंडोज १० बंद झाल्यावर जुने लॅपटॉप बदलले आणि ६४० नग एका खोलीत रचून ठेवले. आता ती खोली नव्या टीमला हवी आहे, तीन दिवसांत रिकामी करायची आहे. भंगारवाल्याने सरसकट नगामागे १,९०० रुपये भाव लावलाय, अर्धे रोख. 'सर्व डिस्कवरील माहिती कायमची नष्ट केली आहे' असं पत्र माझ्या सहीने जायचं आहे. खरं म्हणजे आम्ही यूझरच्या फाइली डिलीट केल्यात, थोड्यांना फॉरमॅट मारलाय, बस. माल पुढे कुठे जातो ते मी एकदा डोळ्यांनी पाहिलंय. शेगडीवर मदरबोर्ड भाजतात, उभं राहवत नाही तिथे. बायको म्हणते, घराचे हप्ते आहेत, सही करा आणि मोकळे व्हा. मी साधा अ‍ॅडमिन. पर्यावरणाची जबाबदारी माझ्यावर कशी येते? जाता जाता, भंगारवाला माझा सख्खा मावसभाऊ आहे. नाव मीच सुचवलं होतं, नातं ऑफिसात कोणाला माहीत नाही. या लॉटसाठी त्याने पतसंस्थेतून तीन लाख उचललेत. काय करू?
— एक वाचक, पुणे

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा खालून वर. ज्या वाक्याने पत्र सुरू व्हायला हवं होतं, ते तुम्ही 'जाता जाता' म्हणून शेवटी टाकलंय. डेटा, धूर, कायदा या सगळ्यावर मी बोलणार आहे, पण तुमची झोप उडालीय ती त्या मावसभावाच्या वाक्याने, असा माझा अंदाज आहे. उद्या तुम्ही सही नाकारलीत तरी कोणीतरी विचारणारच, हा भंगारवाला आणला कोणी? आणि सही केलीत, सहा महिन्यांनी काही बाहेर आलं, तर 'नातेवाइकाला माल मिळावा म्हणून खोटं पत्र दिलं' एवढी एकच ओळ तुमच्या नावापुढे राहील. तुम्ही यात एक रुपयाही खाल्ला नव्हता, हे ऐकायला तेव्हा कोणी थांबणार नाही.

म्हणून उद्या सकाळी ऑफिसात गेल्यावर पहिला चहा घ्यायच्या आधी एक ई-मेल टाका. आयटी हेडना आणि अ‍ॅडमिन मॅनेजरना, एचआरला प्रत. इंग्रजीत लिहाल, पण मजकूर असा: या लॉटसाठी मी सुचवलेले खरेदीदार माझे मावसभाऊ आहेत. हे मी आधीच सांगायला हवं होतं. या व्यवहारातून मला काहीही मिळत नाही. खरेदीदार निवडण्यात यापुढे मी नसेन, डिस्क पुसण्याचं तांत्रिक काम मात्र माझ्याकडे राहू द्यावं. एवढंच. पुढचं वाक्य लिहू नका. आपल्याकडे माणूस चूक कबूल करायला बसला की पाचव्या वाक्यात खुलासा देतो आणि सातव्यात दुसऱ्या कोणाचं तरी नाव घेतो.

बोलणी बसतील. अप्रेझलमध्येही कुठेतरी ते उमटेल. नोकरी जाईल असं मला वाटत नाही, पण तुमच्या एचआरची हमी मी इथे बसून देऊ शकत नाही. हप्त्यांची काळजी करणाऱ्या तुमच्या बायकोचं काही चुकलेलं नाही. फक्त स्वतःला विचारा, पत्र खोटं आहे हे तुम्ही त्यांना सांगितलंय का? की 'ऑफिसचा एक कागद आहे' एवढंच सांगितलंय?

आता ती सही. डॉक्टरकडे, वकिलाकडे सनद असते. फारच चुकलं तर त्यांची परिषद ती काढून घेऊ शकते. मी ३१ वर्षं निरनिराळ्या कंपन्यांच्या सर्व्हर रूममध्ये काढली, मला कोणी सनद दिली नाही आणि काढून घेण्याची भीतीही घातली नाही. संगणकवाल्यांची एसीएम नावाची जुनी संघटना आहे, १९४७ ची. तिने २०१८ साली आपली आचारसंहिता नव्याने लिहिली, तीत समाजाचं भलं आलं, पर्यावरण आलं, खासगी माहितीची राखण आली. चांगलं लिहिलंय. पण ती मोडली म्हणून हिंजवडीत कोणाचं गेटचं कार्ड बंद पडल्याचं मी ऐकलेलं नाही. त्यामुळे आपल्या धंद्यात सनदेच्या जागी जे काही आहे ते म्हणजे ही सही. वेगळं कोणी विचारत नाही, म्हणून तीच जपायची.

तुम्ही जे केलंय त्याला पुसणं म्हणत नाहीत, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण तुमच्या वरच्यांना कदाचित ठाऊक नसेल, म्हणून सांगण्यापुरतं: फाइल डिलीट केली किंवा झटपट फॉरमॅट मारला की नोंद जाते, माल जागेवर राहतो. सातबारा फाडला म्हणून शेत नाहीसं होत नाही. २०११ साली पुण्याच्या तपकीर गल्लीतून, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, मी एक वापरलेली हार्ड डिस्क साडेसातशे रुपयांना आणली होती, घरच्या फोटोंसाठी. खोड म्हणून फुकटात मिळणारं रिकव्हरी सॉफ्टवेअर तिच्यावर चालवलं. चहा उकळेपर्यंत कुठल्याशा ऑफिसची पगारपत्रकं वर आली, बँक खात्यांच्या नंबरासकट. तो डेटा पगारांचा होता. तुमच्या खोलीत क्लेम आहेत. म्हणजे कोणाची डायलिसिसची बिलं, कोणाचा बायोप्सीचा रिपोर्ट, जोडीला आधारची प्रत आणि रद्द केलेला चेक. हे ज्यांचं आहे त्यांना हिंजवडीत अशी एक खोली आहे हेही माहीत नाही.

मग नीट पुसायचं कसं? जुन्या, फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा ओव्हरराइट केलं की पुरतं. सात वेळा करा, पस्तीस वेळा करा, ही जुन्या काळातली श्रद्धा. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेचं ८००-८८ क्रमांकाचं मार्गदर्शक हेच सांगतं आणि आपल्याकडचे ऑडिटरही सहसा त्याचाच नंबर विचारतात. एसएसडीचं, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या ड्राइव्हचं, प्रकरण वेगळं. तिथे कुठल्या चिपवर काय लिहायचं ते ड्राइव्ह स्वतः ठरवते, शिवाय थोडी राखीव जागा ऑपरेटिंग सिस्टिमला दिसतच नाही. त्यामुळे वरून शून्यं लिहून भागत नाही. ड्राइव्हच्या आतलीच सिक्युअर इरेज किंवा सॅनिटाइझची आज्ञा द्यावी लागते. पहिल्या दिवसापासून पूर्ण ड्राइव्हवर बिटलॉकर, म्हणजे माहिती सांकेतिक करून ठेवणारं विंडोजचं कुलूप, चालू असेल तर काम सोपं, किल्ली नष्ट केली की मागे उरतो तो अर्थहीन गोंधळ. मात्र रिकव्हरी की, म्हणजे ते कुलूप उघडणाऱ्या जादा किल्ल्या, तुमच्याच सर्व्हरवर जपून ठेवलेल्या असतात. त्या विसरू नका, लोक हमखास विसरतात. आणि कोणी चुंबकाचं डीगॉसर यंत्र भाड्याने आणायचं सुचवलं, तर त्याने हार्ड डिस्क मरते, एसएसडीला काहीही होत नाही. जी मशीन चालूच होत नाहीत त्यांच्या ड्राइव्ह काढून फोडाव्या लागतील. एसएसडीला ड्रिलने भोक पाडणार असाल तर ते चिपच्या मधून गेलं पाहिजे.

वेळेचा हिशेब मी तुमच्यासाठी मांडून पाहिला. समजा २०० हार्ड डिस्क आहेत. ५०० जीबीची डिस्क सेकंदाला १०० एमबीच्या वेगाने लिहिली तर साधारण दीड तास. एका वेळी वीस मशीन लावलीत तर दहा फेऱ्या, दिवसाला तीन-चार फेऱ्या धरल्या तर तीन दिवस. उरलेल्या ४४० एसएसडी पुसायला मिनिटंच लागतात, पण मशीन उघडणं, चालू करणं, पडताळणं, सिरीयल नंबर लिहिणं मिळून दहा मिनिटं धरा. तिघांनी केलं तर प्रत्येकाचे चोवीस-पंचवीस तास. म्हणजे सगळं मिळून आठवडा, फार तर आठ दिवस. खोली तीन दिवसांत हवी असेल तर लॅपटॉप दुसऱ्या खोलीत हलतील. कुलूप कुठेही लावता येतं.

म्हणून वरच्यांकडे जाताना 'मी सही करणार नाही' असं तोंड करून जाऊ नका. 'मी सही करतो' म्हणा. जेवढ्या पुसल्या तेवढ्यांवर करतो, प्रत्येकीचा सिरीयल नंबर, पुसण्याची पद्धत, तारीख आणि कोणी पुसली त्याचं नाव असलेल्या यादीखाली करतो. मला एक आठवडा आणि दोन माणसं द्या. नाही म्हणणाऱ्या माणसाला बाजूला सारता येतं, यादी घेऊन आलेल्याला सारताना वरच्यांनाही जरा विचार करावा लागतो.

पैशांची भाषाच त्यांना कळत असेल तर मॉर्गन स्टॅनलीचं उदाहरण सोबत ठेवा. या बड्या अमेरिकी वित्तसंस्थेने जुनी डेटा सेंटर बंद करताना हजारो डिस्क आणि सर्व्हर निकालात काढायचं काम चक्क सामान हलवणाऱ्या एका कंपनीला दिलं. डेटा नष्ट करण्याचा तिला अनुभव नव्हता. यंत्रं पुढे विकली गेली, त्यांतली काही ऑनलाइन लिलावात निघाली आणि आत ग्राहकांची माहिती तशीच. सप्टेंबर २०२२ मध्ये तिथल्या एसईसी या शेअर बाजाराच्या नियामकाने साडेतीन कोटी डॉलर दंड लावला. सुमारे दीड कोटी ग्राहकांचा मामला होता. आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला आहे. त्याचे नियम टप्प्याटप्प्याने लागू होताहेत आणि माहितीची नीट राखण न केल्याबद्दल दंडाची वरची मर्यादा २५० कोटी रुपये आहे. तो आधी विमा कंपनीच्या दारात जाईल हे खरं. मग विमा कंपनी तुमच्याशी केलेल्या कराराचं कुठलं पान उघडेल, ते तुमच्या संचालकांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल.

डेटाचं हे असं आहे. तुमचा खरा प्रश्न दुसरा होता, मी साधा अ‍ॅडमिन, पर्यावरण माझ्याकडे कुठून आलं?

२००४ सालची गोष्ट. मी ज्या कंपनीत होते तिथून ११० जुने मॉनिटर निघाले. पाठीला पोक असलेले, सीआरटीचे. गेटपासवर माझी सही. प्रत्येकाच्या मागे असेट नंबरचा स्टिकर, मार्करने लिहिलेला, माझ्याच हातचा, कारण लेबल प्रिंटर घ्यायला आमच्या साहेबांचं मन होत नव्हतं. दोन-अडीच महिन्यांनी नणंदेकडे निघाले होते, तर रिक्षा एका नाल्याशी बंद पडली. रिक्षावाला खाली वाकून काहीतरी खटपट करत होता. नाल्याच्या कडेला बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा मॉनिटर पालथा घालून दगडाने त्याची मान तोडत होता. आतली तांब्याची कॉइल काढायची, उरलेलं नाल्यात ढकलायचं. काच फुटताना दबका, पोकळ आवाज यायचा. सहा-सात मॉनिटर पडले असतील. मी सहज बघत होते आणि एकाच्या मागच्या प्लास्टिकवर मला माझं अक्षर दिसलं. इंग्रजी सातच्या आकड्याला मी मधोमध आडवी रेघ देते, शाळेपासूनची सवय. ती ओळखायला मला चष्मा लागत नाही.

त्या एकेका मॉनिटरच्या काचेत किलो-दोन किलो शिसं असतं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं असं लिहिणार होते. पण थोडंफार माहीत होतं. गेटपासवर सही करताना 'हे कुठे जाणार?' असं मी विचारलं नव्हतं, कारण उत्तर मिळालं असतं. मी त्या मुलाला काही बोलले नाही. बोलणार काय? रिक्षा चालू झाली, नणंदेकडे जेवायला उशीर झाला.

तर जबाबदारी कशी येते, ते मला तत्त्वज्ञानातून सांगता येत नाही. माझ्याकडे ती स्टिकरवरून आली. तुमच्याकडे शेगडीवरून आली आहे. जगात २०२२ या एका वर्षात सहा कोटी वीस लाख टन ई-कचरा झाला असं संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांचा अहवाल सांगतो, आणि त्यातला जेमतेम २२ टक्के रीतसर गोळा होऊन प्रक्रियेला गेल्याची नोंद आहे. तुमचे ६४० लॅपटॉप म्हणजे सव्वा टन. त्या ढिगापुढे काहीच नाही. पण त्या सहा कोटी टनांच्या गेटपासवर सही करायला तुम्हाला कोणी बोलावलेलं नाही, या सव्वा टनाच्या करायला बोलावलंय.

शेगडीवर काय होतं ते थोडक्यात लिहिते, कारण बायकोला सांगताना लागेल. बोर्ड भाजला की सोल्डर वितळतो, चिपा सुट्या होतात, त्या विकल्या जातात. बोर्डच्या प्लास्टिकात आग लागू नये म्हणून ब्रोमिनची रसायनं घातलेली असतात. मंद आचेवर ती जळली की डायॉक्सिनच्या जातीचा विषारी धूर निघतो. मग उरलेल्या तुकड्यांवर तेजाब ओततात, सोन्यासाठी. सोनं निघतं, पण अर्धवट, आणि वापरलेलं तेजाब गटारात जातं. दिल्लीच्या सीलमपुरात तोडफोडीचा मोठा बाजार आहे. मुरादाबाद, जे पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध, तिथे वर्षानुवर्षं बोर्ड जाळून त्यांची काळी राख रामगंगेच्या काठावर पडत आली आहे. पुण्यातून निघालेला माल तिथवर पोचायला दोन-तीन ट्रक बदलतो, इतकंच.

कायदा काय म्हणतो ते वरच्यांच्या कानावर घाला. ई-कचऱ्याचे नवे नियम २०२२ साली आले आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. आर्थिक वर्षात कधीही एक हजार किंवा जास्त विद्युत-इलेक्ट्रॉनिक उपकरणं वापरणारी संस्था 'बल्क कन्झ्युमर' ठरते, आणि तिने आपला ई-कचरा नोंदणीकृत उत्पादक, रिफर्बिशर (जुनी यंत्रं दुरुस्त करून विकणारा) किंवा रिसायकलर यांनाच द्यायचा असतो. एक हजार म्हणजे फार वाटतं, पण तुमचे ६४० जुने, तेवढेच नवे, मॉनिटर, प्रिंटर, एसी, टेबलावरचे फोन मोजा. दुसऱ्या मजल्यावरच हजार पार होतील. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणीकृतांची यादी आहे. मात्र नोंदणी क्रमांक बघून थांबू नका, कागदावरचे रिसायकलरही असतात. एकदा जाऊन कारखाना बघा, वजनकाट्याची पावती कशी देतात ते बघा आणि एकच प्रश्न विचारा, सुटे केलेले बोर्ड तुम्ही पुढे कोणाला पाठवता? जो घोटाळतो त्याला माल देऊ नका.

त्याआधी आणखी एक. हे ६४० च्या ६४० नग कचरा आहेत, हे ठरवलं कोणी? १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला आणि विंडोज ११ ला ठरावीक पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, म्हणून ते 'जुने' झाले. यंत्र तेच आहे, आदल्या दिवशी चालत होतं. कंपनीला पैसे भरून आणखी काही काळ सुरक्षा अपडेट घेता येतात, पण तो दर पहिल्या वर्षी यंत्रामागे ६१ डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट, त्यामुळे तुमचे फायनान्सवाले हसतील. लिनक्स मात्र त्यांवर नीट चालतं. लॅपटॉपमुळे हवेत जो कार्बन जातो त्यातला निम्म्याहून बराच जास्त तो बनवतानाच गेलेला असतो, त्यामुळे चालतं यंत्र आणखी तीन वर्षं चालवणं हे उत्तमातल्या उत्तम रिसायकलिंगपेक्षा भारी पडतं. म्हणून आधी रिफर्बिशर, मग रिसायकलर, हा क्रम धरा. चालू यंत्राला १,९०० हा भाव तसाही कमीच आहे, हे तुमच्या भावालाही ठाऊक असेल.

शाळांना देऊया असं कोणीतरी सुचवेल, मग फोटो, मग लिंक्डइन. सावध राहा. मीही चाळीस डेस्कटॉप एका जिल्हा परिषदेच्या शाळेला दिले होते, हार-तुरे घेतले होते. तीन वर्षांनी गेले तर त्या खोलीत शालेय पोषण आहाराच्या तांदळाची पोती सीपीयूंवर रचलेली. शिक्षकांचा काही दोष नव्हता. दिवसा भारनियमन, यूपीएसच्या बॅटऱ्या मेलेल्या, दुरुस्तीला तालुक्याला जायचं तर पैसे कोण देणार? मी माझा कचरा चाळीस मैल लांब नेऊन टाकला होता आणि वर त्याची पावती घेतली होती. द्यायचेच असतील तर वीस द्या, उत्तम चालणारे, चार्जरसकट, लिनक्स घालून. वर्षभर दुरुस्तीला माणूस द्या आणि बंद पडलेले आम्ही परत नेऊ असं लिहून द्या.

आता तुमचा मावसभाऊ. भंगारवाल्यांच्या नावाने बोटं मोडणारं मी काही लिहिणार नाही. या देशात ई-कचरा घरोघरून आणि ऑफिसांतून गोळा होतो तो त्यांच्याच हातांनी. कुठला स्क्रीन कुठल्या मॉडेलला बसतो हे त्यांच्या गाळ्यावरच्या पोराला जेवढं कळतं तेवढं माझ्या टीममधल्या इंजिनिअरांना कळत नसे. पुण्यात तर कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून आहे, आणि तिच्यातून उभी राहिलेली 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था ई-कचराही रीतसर गोळा करते. गोळा करण्यात, तपासण्यात, दुरुस्तीत काही वाईट नाही. वाईट आहे ती शेवटची पायरी, शेगडी आणि तेजाबाची, आणि ती पायरी भाव थोडा वाढवून देते.

त्याला दोन वाटा आहेत. चालू यंत्रं दुरुस्त करून विकण्यात त्याला गती असेल तर रिफर्बिशर म्हणून नोंदणी करावी. ते वेळखाऊ आहे, या लॉटला उपयोगी नाही, पण पुढच्या दहा वर्षांना आहे. नाहीतर एखाद्या नोंदणीकृत रिसायकलरसाठी गोळा करून पोचवण्याचं काम करारावर घ्यावं. गोदाम आहे, टेम्पो आहे, माणसं आहेत, ओळखी आहेत, म्हणजे रिसायकलरकडे जे नसतं तेच त्याच्याकडे आहे. पोर्टलवरच्या यादीतल्या चार जणांना त्याच्यासोबत जाऊन भेटायचं काम तुम्ही करा. इंग्रजी फॉर्म तुम्ही भरून द्या. मात्र तुमच्या कंपनीच्या लॉटमध्ये, या किंवा पुढच्या, त्याला आणू नका. ते दार आता बंद.

तीन लाखांचं ओझं खरं आहे आणि त्यात तुमचा वाटा आहे. 'काम आपलंच आहे' असं तुम्ही म्हणाला असणार, त्याशिवाय कोणी पतसंस्थेत जात नाही. आज रात्री त्याच्या घरी जा. फोनवर सांगू नका आणि आईकरवी तर मुळीच नको. कंपनीला त्याने आगाऊ काही दिलंय का ते विचारा, दिलं असेल तर ते परत मिळवून देणं तुमचं काम. कर्ज वेळेआधी फेडता येतं का ते पतसंस्थेत दोघं मिळून विचारा. मधल्या काळाचं व्याज तुम्ही भरा. मुद्दल भरायला जाऊ नका. ते केलंत तर तो धंद्यातला तोटा राहणार नाही, घरातली उधारी होईल, आणि मावशीकडच्या प्रत्येक लग्नात ती निघेल. तो चिडेल. चिडू दे. चहा न घेता उठू मात्र नका.

वरचे ऐकत नाहीत असं झालं तर? तुमच्याऐवजी दुसऱ्या कोणाची तरी सही घेऊन टेम्पो भरला जाईल, हे अगदी शक्य आहे. तुमचा मेल लेखी असू द्या, यादी तयार असू द्या, आणि कंपनीत डेटा सुरक्षेचं किंवा कम्प्लायन्सचं काम ज्याच्याकडे आहे त्याला एकदा स्पष्ट कळवा. विमा कंपन्यांचं ऑडिट तुमच्याकडे येतच असेल. ऑडिटरने विचारलं तर जे झालं ते सांगा, त्याहून जास्त नाही आणि कमीही नाही. लगेच बाहेर तक्रार करायला धावू नका, असा माझा सल्ला आहे. आधी आतले दरवाजे वाजवून झाले पाहिजेत. ते वाजवूनही डेटासकट माल बाहेर पडताना दिसला, तर मला परत लिहा, आणि त्याआधी एखाद्या वकिलाला भेटा.

हे पत्र वाचून झाल्यावर, मेलच्याही आधी, एकदा त्या खोलीत जा. ६४० नगांत पाच-पंचवीस फुगलेल्या बॅटऱ्या निघणारच. टचपॅड वर आलेला दिसेल, झाकण नीट मिटत नसेल, तळाचे स्क्रू ताणलेले असतील. ते नग आजच वेगळे काढा, चार्जिंगला लावू नका, वर दुसरं काही रचू नका, खिडकी उघडी ठेवा. नाहीतर खोली तीन दिवसांची वाट न बघता एका रात्रीत रिकामी होईल.